सरांची दीर्घिका लांब गेली

आदरणीय वन्सं,

वाकून नमस्कार. खरोखरच वाकले होते, कारण पेन टेबलाखाली गेलं होतं. वाकलेच आहे तर तुमचा नमस्कारही तिथेच उरकून घेतला. राग मानू नये.

तुमच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे भाऊजींच्या फोनवरून कळलं, बरं वाटलं. आता अक्षर स्पष्ट दिसत असणार म्हणून या वेळी बारीक लिहिते आहे. मागच्या पत्रात मोठं लिहिता लिहिता अर्धी वही संपली आणि मजकूर हवापाण्याच्या पुढे गेलाच नाही. भाऊजींचा खोकला कसा आहे? (सिगारेट सोडली असं ते मला फोनवर सांगत होते, पण मधेच थांबून झुरका घेतल्यासारखा आवाज आला. मी जनावरांची डॉक्टर, माणसांच्या खोट्याशी माझा संबंध नाही.) इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. हे वाक्य दर पत्रात असतं म्हणून याही पत्रात घातलं आहे. त्यावर विश्वास ठेवू नये.

फोन न करता पत्र लिहायचं कारण असं, की तुमचा भाऊ घरात आहे. सकाळी घरात असतो, दुपारी घरात असतो, आणि बहुतेक वेळ पलंगावर भिंतीकडे तोंड करून असतो. आपल्या घराच्या भिंती कशा आहेत तुम्हाला माहीतच आहे. शेजाऱ्यांना शिंक आली की आपण रुमाल शोधतो. मी फोनवर त्याचं नाव जरी काढलं तरी तो आतून म्हणतो, माझ्याबद्दल ताईला काही सांगू नकोस, तिने मला ज्या आशेने वाढवलं ती आशा तशीच राहू दे. असा माणूस घरात असताना खुशाली कशी सांगायची? ताप नाही, पोटदुखी नाही. मी तपासलं. (दुसऱ्या डॉक्टरकडे जायला तयार नव्हता, म्हणून मीच. डोळे, हिरड्या, नाकाचा ओलावा, सगळं ठीक आहे.) त्याला झालंय ते एवढंच, की एक दीर्घिका लांब गेली आहे.

हे तुम्हाला नीट समजावं म्हणून जरा मागून सुरुवात करते. आमच्या लग्नात तुम्ही मला विचारलं होतंत की हा नेमकं काय काम करतो, आणि मी म्हटलं होतं की तेच मी तुम्हाला विचारणार होते, आणि मग आपण दोघी जेवायला गेलो होतो. आता मला समजलं आहे, कारण गेले कित्येक महिने जेवताना दुसरा विषय नाही. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचा अफाट जमाव. ती किती लांब आहे हे कुणी टेप धरून मोजू शकत नाही. मग तिच्यातले असे तारे शोधायचे, ज्यांचा खरा उजेड किती ते आपल्याला आधीच ठाऊक आहे, आणि ते इथून किती मिणमिणते दिसतात ते बघायचं. जितके मिणमिणते तितकी दीर्घिका लांब. इथपर्यंत कुणालाही समजतं. (शेजारच्या वकिलांना समजलं नाही, पण आपली कुत्री कुत्री आहे, कुत्रा नाही, हेही त्यांना पिल्लं होईपर्यंत समजलं नव्हतं.)

तुमचा भाऊ त्यासाठी लाल राक्षसी तारे वापरतो. नाव भयंकर असलं तरी ते आपले म्हातारे तारे आहेत. सूर्यासारखा एखादा तारा म्हातारा झाला की फुगायला लागतो, तांबूस होतो आणि फुगता फुगता अधिकाधिक उजळत जातो. असं करता करता एक वेळ अशी येते की त्याच्या गाभ्यातला हेलियम पेट घेतो, आणि तारा आक्रसून पुन्हा मंद होतो. गंमत अशी की ही शेवटची पायरी सगळ्यांची जवळजवळ सारखीच असते. राक्षस कुठल्याही दीर्घिकेतला असो, तिथपर्यंत चढतो आणि तिथून परत फिरतो. (माणसांचं असं असतं तर सगळ्या घरांत शांतता नांदली असती. म्हातारपणी कोण किती फुगणार हे आधीच कळलं असतं.) तेव्हा दीर्घिकेच्या मधल्या भागाकडे जायचंच नाही, कारण तिथे तरुण ताऱ्यांचा गोंधळ आणि धूळ. तिच्या वेशीबाहेरचा फोटो घ्यायचा, जिथे म्हातारे शांतपणे सुटे सुटे बसलेले असतात. त्यांना उजेडाच्या क्रमाने मांडायचं. वरून खाली येताना आधी तुरळक तारे लागतात आणि एका जागी एकदम झुंबड उडते. झुंबड जिथे सुरू होते ती राक्षसांची शेवटची पायरी. ती सापडली की अंतर सापडलं. फोटो अवकाशातली दुर्बीण काढते, आणि तुमचा भाऊ भरदिवसा कचेरीत पंख्याखाली बसून संगणकावर ठिपके मोजतो. (तो गच्चीवर रात्ररात्र दुर्बिणीला डोळा लावून बसतो असं तुम्ही तिकडे सगळ्यांना सांगता, हे मला कळलं आहे. गच्चीवर तो फक्त कपडे वाळत घालायला जातो, आणि तेही दोन्ही चिमटे एकाच बाहीला लावतो.)

आता सर. सरांना तुम्ही आमच्या लग्नात पाहिलंत. साक्षीदार म्हणून सही करताना ज्यांनी आधी पेनाची निब तपासली आणि मग नवऱ्या मुलाचं शुद्धलेखन, तेच. तुमच्या भावाला कुणी उभं करत नव्हतं तेव्हा सरांनी त्याला आपल्या खोलीत टेबल दिलं. (खोलीत एकच टेबल होतं. सर खिडकीच्या कट्ट्यावर बसू लागले.) माझ्या दवाखान्यातलं पहिलं जनावर म्हणजे सरांची मांजर. ती मला चावली, तेव्हा सरांनी आधी मांजरीची विचारपूस केली आणि मग माझी, पण नंतर महिनाभर रोज फोन करून हात बरा झाला का हेही विचारलं. असा माणूस. आणि या माणसाने तरुणपणी तुमच्या भावाच्या याच दीर्घिकेचं अंतर काढलेलं आहे. त्यांची रीत वेगळी होती. ठरावीक तालात उजळणारे आणि मंदावणारे काही तारे असतात. ताल मोजला की त्यांचा खरा उजेड कळतो. सरांनी वर्षानुवर्षं ते ताल मोजले आणि एक आकडा काढला. तो पाठ्यपुस्तकांत छापला गेला. इतर दीर्घिकांची अंतरं काढणाऱ्यांनी सरांच्या आकड्यावर आपले आकडे रचले. सरांच्या बैठकीच्या खोलीत त्या दीर्घिकेचा एवढा मोठा फोटो आहे की बाईंना (म्हणजे सरांच्या बायकोला) घड्याळ स्वयंपाकघरात न्यावं लागलं.

तुमच्या भावाने राक्षसांची पायरी शोधली, अंतर काढलं, आणि दीर्घिका सरांच्या आकड्यापेक्षा बरीच लांब निघाली.

दुसरा कुणी असता तर पेढ्यासारखं काहीतरी घेऊन घरी आला असता. हा आला तो दारातल्या चपलांच्या कपाटावर बसून राहिला. मला वाटलं कुणीतरी गेलं. मी पाणी दिलं, ते त्याने हातात धरून ठेवलं आणि म्हणाला, सरांचे तारे मधल्या गर्दीतले होते, शेजाऱ्यांचा उजेड त्यांच्यात मिसळला होता, त्या वेळच्या दुर्बिणीला शेजारी वेगळे दिसूच शकत नव्हते, सरांचा काहीच दोष नाही. होते त्याहून ते उजळ वाटले, म्हणून दीर्घिका होती त्याहून जवळ वाटली. मी म्हटलं, मग नीट झालं की. तर म्हणाला, नीट काय झालं, सरांचं आयुष्य चुकलं. आणि पाणी माझ्या हातात परत दिलं.

त्यानंतर या घरात जे सुरू झालं ते मी कुठल्याही शहाण्या घरात पाहिलेलं नाही. माणसं आपण बरोबर आहोत हे सिद्ध करायला मरमर करतात. तुमचा भाऊ आपण चुकलो आहोत हे सिद्ध करायला मरमर करू लागला. वेशीबाहेरचा दुसरा तुकडा घेऊन मोजणी केली, पायरी तिथेच. राक्षसांहून उजळ असे काही उपटसुंभ तारे मधे घुसतात म्हणे, ते वेगळे काढले, पायरी तिथेच. पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं, या वेळी मुद्दाम वेगळ्या रीतीने, तरी पायरी तिथेच. प्रत्येक वेळी घरी येऊन तो सांगायचा, याही वेळी बरोबर आलं, आणि जेवण टाकून उठायचा. शेवटी तर मला म्हणाला, तू बघ, तुझी नजर ताजी आहे. मी बघितलं. काळ्यावर पांढरे ठिपके होते. मी म्हटलं, कुत्र्याच्या रक्ताच्या काचपट्टीवर असे ठिपके दिसले असते तर मी लगेच औषध सुरू केलं असतं. त्याने आशेने विचारलं, म्हणजे काहीतरी बिघडलंय? आता अशा माणसाचं काय करायचं!

त्याच्या शेजारच्या टेबलावर एक सहकारी बसतो, त्याला सगळे 'सरासरी' म्हणतात, कारण कुठल्याही भांडणात तो दोन्ही बाजू मिळवून दोनाने भागतो. त्याने सल्ला दिला की तुझा आकडा आणि सरांचा आकडा यांच्या मधला आकडा छाप, कुणी दुखावणार नाही. तुमचा भाऊ त्याला म्हणाला की दीर्घिका काय आपल्या सोयीने सरकून बसणार आहे का. मला तो क्षण फार आवडला, कारण त्या महिन्यात त्याने आवाज चढवून बोललेलं हे एकच वाक्य. पण घरी आला तोवर त्याची हवा गेली होती. म्हणाला, सरासरीचं म्हणणं तितकंसं वाईट नाही.

आणि एवढ्यात सरांचा सत्कार ठरला. पंचाहत्तरी. संस्थेच्या सभागृहात दिवसभर भाषणं, आणि मुख्य भाषण सरांच्या आवडत्या शिष्याचं, हे सांगायला नकोच. मी म्हटलं, चला, आपण आधी घरी जाऊन सरांच्या कानावर घालू या. मांजरीच्या गोळ्याही द्यायच्या आहेत. (ही दुसरी मांजर. पहिली चावरी गेली. हिची मूत्रपिंडं थकली आहेत, पण स्वभाव फार चांगला.) रस्ताभर तो पहिलं वाक्य घोकत होता. तीन-चार वाक्यं बदलली, त्यातलं प्रत्येक वाक्य आधीच्याहून लांब होतं आणि शेवटच्या वाक्यात तर क्रियापदच नव्हतं. गेलो, बसलो. बसायला जागा नेमकी त्या फोटोखालची मिळाली. बाईंनी चहा ठेवला. त्याने घसा खाकरला आणि म्हणाला, सर, त्या दीर्घिकेबद्दल. सर फोटोकडे बघत गोड हसले. म्हणाले, अरे, मीही तिच्याबद्दलच बोलणार होतो, तुझ्या भाषणाचं नाव मी आयोजकांना कळवून टाकलंय. भाषणाचं नाव काय, तर 'टिकलेला आकडा'.

वन्सं, तुमच्या भावाने त्यावर काय करावं? मांजरीच्या मूत्रपिंडांविषयी बोलावं? तर तो मांजरीच्या मूत्रपिंडांविषयी पाऊण तास बोलला. मी अकरा वर्षं हा व्यवसाय करते, पण मांजरीने पाणी किती प्यावं याबद्दल इतकी कळकळ मी स्वतःसुद्धा कधी दाखवली नाही. बाई मला आत घेऊन गेल्या आणि हळूच विचारलं, याला काही त्रास आहे का गं. मी म्हटलं, कामाचा ताण आहे. बाई म्हणाल्या, ह्यांचंही तेच, हल्ली जुने कागद काढून बसतात आणि मग जेवत नाहीत. मी तेव्हा त्याचा काही अर्थ लावला नाही. माझं सगळं लक्ष बाहेर, हा आता मांजरीच्या वजनावर आला होता तिकडे.

सत्काराच्या दिवशी मी दवाखाना बंद ठेवून गेले. सभागृह भरलं होतं. सर पहिल्या रांगेत, इस्त्रीचा सदरा, मांडीवर फुलं. तुमचा भाऊ उभा राहिला आणि मी सांगते, पहिला अर्धा भाग फारच सुंदर बोलला. सर त्या काळी फोटोच्या काचेवरचे ठिपके हाताने कसे मोजायचे, थंडीत बोटं आखडली की काखेत धरून पुन्हा कसे मोजायला लागायचे, एक मोजणी पसंत नाही म्हणून सगळा हिवाळा कसा पुन्हा मोजला. माणसं हसत होती, डोळे पुसत होती. मग पडद्यावर तो आलेख आला. दोन उभ्या रेघा, एक सरांची, एक याची, आणि मधे मोकळी जागा. तो बोलायचा थांबला. सरांकडे बघत राहिला. इतका वेळ थांबला की माइकवाल्याने पुढे येऊन माइक तपासला. मला वाटलं, आता हा मांजरीवर येतो की काय. मी मनात म्हटलं, नको बोलूस बाबा, गिळून टाक, घरी चल, आपण काही बोलायचं नाही. आणि पुढच्याच क्षणी वाटलं, न बोलता घरी आला तर तो पुढे कधीच धड होणार नाही. शेवटी त्याने एकदाचा श्वास घेतला आणि म्हणाला:

"हा आकडा टिकला नाही. मी तो टिकवायचा सगळा प्रयत्न केला."

मग त्याने राक्षस, पायरी, गर्दी, मिसळलेला उजेड असं सगळं एकेक करून मांडलं. मी मान उंच करून सरांकडे बघितलं. सर झोपले होते. हनुवटी छातीवर, डोळे मिटलेले, फुलं एका बाजूला कललेली.

संपूर्ण उरलेला अर्धा तास ते झोपलेले होते. भाषण संपलं, बाईंनी कोपर लावलं, तसे ते जागे होऊन टाळ्या वाजवू लागले. सगळ्यांत जोरात त्यांच्याच टाळ्या. मग उत्तरादाखल उठले, मोजून चार वाक्यं बोलले, सगळ्यांचे आभार मानले, चहा बाहेर ठेवलाय तो गार होईल म्हणाले आणि खाली बसले. लोक हसले, सुटल्यासारखे उठले. सरांनी तुमच्या भावाच्या खांद्यावर हात ठेवला, छान झालं म्हणाले, आणि चहाकडे गेले. म्हणजे काय झालं बघा. ज्या एका माणसापायी याने महिनोन्‌महिने अन्न गोड करून घेतलं नाही तो एक माणूस सोडून बाकी गावभर ती गोष्ट कळली. आता पुन्हा जाऊन सांगायचं? आणि सांगायचं तर कसं, की सर, परवा भरसभेत तुम्ही झोपला होतात तेव्हा मी तुमचा आकडा खोडला?

त्याहून वाईट पुढेच. चहाच्या रांगेत एका गृहस्थाने याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, वेळ मात्र अचूक साधलीस. याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हातातली बशी कपासकट खाली गेली. बोलायचा थांबला होता ना हा, तो सरांचा डोळा लागायची वाट बघत थांबला होता, असं लोकांनी ठरवून टाकलं! दोन दिवसांत ते संस्थाभर झालं. सरासरीने म्हणे याची बाजू घेतली. त्याचं म्हणणं असं पडलं, की निम्मा वेळ तो वाट बघत असेल आणि निम्मा वेळ खरंच गहिवरला असेल.

तेव्हापासून हा कामावर गेलेला नाही. आधी पलंगावर होता. मग मी दटावलं तर उठून पुढच्या खोलीतल्या माझ्या दवाखान्यात बाकावर येऊन बसू लागला. म्हणतो, इथे मला कुणी दीर्घिकेचं विचारत नाही. परवा एका आजोबांनी त्याला विचारलं, तुमचं काय आहे? हा म्हणाला, माझं काही नाही. आजोबांना वाटलं की याचं जनावर आताच आत मेलं. त्यांनी याचा हात धरून ठेवला आणि म्हणाले, दुसरं आणा, पण लगेच नको. आणि वन्सं, तुमचा भाऊ रडला. माझ्या भरल्या दवाखान्यात, एका अनोळखी माणसाचा हात धरून, मांडीवर कुणाचा तरी ससा घेऊन तो रडला. मी आतून हे बघितलं आणि एका बोक्याला एकच लस दोनदा देणार होते ती थोडक्यात राहिली.

मी आता हात टेकले आहेत. दीर्घिका जवळ असली काय आणि लांब असली काय, मला तिथे जायचं नाही. पण हा माणूस इतका चांगला आहे की त्याला स्वतःच्या बरोबर असण्याचंही सुख नाही, आणि अशा माणसाबरोबर संसार करणं फार कठीण असतं, हे तुम्ही त्याला वाढवताना अनुभवलंच असेल. तेव्हा मला आधी का सांगितलं नाहीत? असो. पत्र लांबलं. डोळ्याला पाणी लागू देऊ नका, थेंब वेळेवर घाला, आणि हे वाचून झाल्यावर डोळे मिटून थोडा वेळ पडा. भाऊजींना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.

तुमची,
जिला तुम्ही 'हिला माणसाची डॉक्टर व्हायला काय झालं होतं' म्हणाला होतात ती

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच, जिच्यासाठी पत्र लिहायला बसले. तुमचा भाऊ येत्या रविवारी तुम्हाला फोन करणार आहे. भाऊजींच्या रंगाच्या कारखान्यात हिशेबनीस, गोदामवाला, जे काही असेल ते काम त्याला हवं आहे. राजीनाम्याचा मजकूर तयार आहे, फक्त द्यायचा राहिला आहे. तुमचं काळीज लगेच विरघळेल, ये रे बाळा म्हणाल, हे मला ठाऊक आहे, म्हणून पाया पडून सांगते: नाही म्हणा. भाऊजींनाही नाही म्हणायला सांगा. सरळ नाही म्हणता येत नसेल तर कारखाना जळला म्हणून सांगा. तो कुणालाच काही चुकीचं विकू शकत नाही. पहिल्याच गिऱ्हाइकाला तो सांगेल की हा रंग उन्हात उडतो. आणि ते राहू द्या; ठिपके मोजणं सोडलं तर तो दोन वर्षांत संपेल. मी जनावरं बघते, मला कळतं.

ता. क. २. पत्र पाकिटात घालून ठेवलं होतं, पुन्हा उघडलं. आज सकाळी सर आले. मी दार उघडलं तर एका हातात मांजरीची पेटी. मला वाटलं मांजरीचं काही झालं. पेटी रिकामी होती; बाईंनी विचारलं तर सांगायला निमित्त म्हणून आणली होती म्हणे. तडक आत गेले. हा भिंतीकडे तोंड करून पडलेला. सर पलंगाच्या कडेला बसले, आणि मी दारातच उभी राहिले, मुद्दाम, आणि मला त्याची लाज वाटत नाही. सरांना सगळं ऐकू आलं होतं. भाषणाचं तर आलंच होतं, नंतर लोक काय बोलतात तेही आलं होतं. आकड्यात काहीतरी खोट आहे असा संशय त्यांना कितीतरी दिवस होता, म्हणून जुने कागद काढून बसत होते, पण त्यांच्या फोटोंत ते शेजारी वेगळे काढता येत नव्हते. भाषणाचं ते नावही त्यांनी याला वाचा फुटावी म्हणूनच दिलं होतं, असं आज म्हणाले. (यावर माझा विश्वास नाही. ते नाव त्यांनी अभिमानानेच दिलं होतं. पण त्यांना तसं म्हणू दिलं.) तुमचा भाऊ उठून बसला आणि म्हणाला, पण सर, तुम्ही झोपला होतात. सर रिकामी पेटी पायाशी ठेवून म्हणाले:

"झोपलो नव्हतो रे. तू माझ्याकडे बघून थांबलास. डोळे उघडे ठेवले असते तर तुझ्या तोंडून पुढचं निघालं नसतं."

मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. दोनदा टाकला, कारण पहिल्यांदा दूधच घातलं नव्हतं, आणि घातलं तेव्हा ते नासलं. बाहेर आले तेव्हा दोघेही नाक पुसत होते आणि एकमेकांकडे बघत नव्हते.

ता. क. ३. दुपार झाली, सर अजून इथेच आहेत. गळ्यात गळे फार वेळ टिकले नाहीत. चहा संपायच्या आत सर म्हणाले की ते सगळं ठीक आहे, पण त्या दिशेला आपल्याच दीर्घिकेतली धुळीची एक पातळ झिरझिरीत पट्टी आडवी येते, आणि याने धुळीचा जुना नकाशा वापरला आहे. ती धूळ वजा केली तर राक्षस आणखी उजळ ठरतील आणि दीर्घिका थोडी परत सरांच्या बाजूला येईल. तुमचा भाऊ म्हणाला, थोडी येईल, सगळी येणार नाही. सर म्हणाले, ते मोजल्याशिवाय बोलायचं नाही, हे तुला इतक्या वर्षांत शिकवलं नाही का मी. तेव्हापासून दोघे माझ्या तपासणीच्या टेबलावर कागद पसरून बसले आहेत, इतक्या मोठ्याने भांडताहेत की बाहेर बाकावरची कुत्री भुंकायला लागली आणि एक बाई आपली मांजर उचलून दुसऱ्या डॉक्टरकडे गेली. मोजणी होत आली आहे. दीर्घिका थोडीशी जवळ आली, पण सरांच्या रेघेपर्यंत नाही आली, पार पलीकडेच राहिली. सरांनी तो कागद हातात घेतला. मग माझ्याच पेनाने आपली रेघ खोडली. म्हणाले, छापताना दोघांची नावं घालायची, आपलं चुकलेलं आपल्याच हाताने खोडायचा हक्क म्हाताऱ्याला असतो. आणि लगेच दुसऱ्या एका दीर्घिकेचं नाव काढलं, तिथेही त्यांना गर्दीचा संशय आहे. तिचा आकडा कुणी काढला होता माहीत आहे? तुमच्या भावाने, दहा वर्षांपूर्वी, सरांच्याच रीतीने. हे ऐकून तो आत्ताच येऊन चपलांच्या कपाटावर बसला आहे. तेव्हा रविवारी फोन आला तर कारखाना जळालेलाच आहे, हे भाऊजींनाही पढवून ठेवा.